कोकणातल्या वाचनालयांना खुलं पत्र: वर्षातून एक चित्रकला स्पर्धा नको, दर रविवारी दोन तास हॉल द्या

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह, ग्रंथपाल आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यातली सार्वजनिक वाचनालयं, अ वर्गापासून ड वर्गापर्यंत सगळी

स.न.वि.वि.

मागणी आधीच सांगते, कारण पत्र लांब होणारे आणि सगळे शेवटपर्यंत वाचतीलच असं नाही. दर रविवारी सकाळी दहा ते बारा तुमच्या वाचनालयाचा हॉल, एक मोकळी भिंत आणि एक छोटं बंद कपाट चित्रं काढणाऱ्या माणसांना द्या. शाळकरी पोरं, कॉलेजची मुलं, रिटायर झालेले काका, सकाळचं आवरून आलेल्या बायका, ज्याला ज्याला हातात पेन्सिल धरावीशी वाटते त्या सगळ्यांना. फी नको, क्लास नको, सर्टिफिकेट नको. यायचं, दीड तास काढायचं, शेवटचा अर्धा तास सगळ्यांची चित्रं भिंतीला लावायची आणि एकमेकांच्या चित्राबद्दल नीट बोलायचं. बास एवढंच.

आता हे शाळांना किंवा नगरपरिषदेला न लिहिता तुम्हालाच का लिहितेय, तर वर छप्पर, आत टेबलखुर्च्या, आणि दारात कुणी वय, धंदा, शिक्षण विचारत नाही अशी जागा आपल्याकडे गावोगाव एकच आहे आणि ती म्हणजे वाचनालय. आणि आपल्याकडची वाचनालयं काही आजकालची नाहीत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. चिपळूणच्या वाचनालयात २००५ ला पाणी भरलं, जुलै २०२१ ला परत भरलं, तरी ते उभं राहिलं, कारण लोकांना ते आपलं वाटतं. ज्या संस्थांनी एवढं पाहिलंय त्यांना रविवारचे दोन तास अवघड नाहीत असं मला मनापासून वाटतं.

शाळांचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कलेचा अर्धवेळ निदेशक सांगितलाय, पण कधी, तर त्या वर्गांचा पट शंभराच्या वर असेल तर. आता आपल्या वाडीवाडीतल्या शाळांचा पट आठवून बघा, डोंगरउतारावरच्या वाड्या, निम्मी घरं मुंबईला, गणपतीला तेवढी उघडणारी, तिथे शंभर मुलं येणार कुठून आणि मग चित्रकलेचे सर येणार कुठून. हायस्कूलला ड्रॉइंगचे सर असतात तिथे ते जीव तोडून शिकवतात, मी बघितलंय, पण एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट जवळ आल्या की सगळी गाडी परीक्षेकडे वळते, इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला वाढीव मार्क मिळतात त्यामुळे पालकही मागे लागतात. मग पोरं काय करतात तर स्मरणचित्र पाठ करतात. हो, पाठ. बाजाराचं एक दृश्य ठरलेलं, त्यात भाजीवाली ठरलेली, तिची टोपली ठरलेली, मागचा छत्रीवाला पण ठरलेला, विषय कुठलाही येवो हीच माणसं थोडी इकडेतिकडे करून बसवायची. स्मरणचित्राचा पेपर मुळात कशासाठी, तर तू रोज जे बघतोस त्यातलं तुझ्या डोक्यात काय राहिलंय ते काढ म्हणून. आणि आपली पोरं रोज काय बघतात? मालवणच्या मच्छी मार्केटात पाटी समोर ठेवून उकिडवी बसलेली बाई, पाखाडी उतरताना डोक्यावरचा भारा एका हातानं सावरणारी आजी, खळ्यात सोलं वाळत घातलेली. हे कागदावर कुठेच येत नाही.

आणि तुमची वार्षिक स्पर्धा. कृपा करून राग मानू नका, त्यामागे तुमची मेहनत असते, पाहुणे बोलवायचे, बक्षिसांसाठी देणगीदार शोधायचे, खाऊ वाटायचा. पण चित्र काढणाऱ्या मुलाच्या बाजूनं बघा ना. विषय मिळतो, वेळ मिळतो, कागद मिळतो, मग पहिला दुसरा तिसरा आणि दोन उत्तेजनार्थ जाहीर होतात, फोटो निघतो, आणि चित्रांचा गठ्ठा सुतळीनं बांधून कपाटावर जातो. ज्याला नंबर मिळाला त्याला का मिळाला ते कळत नाही आणि ज्याला नाही मिळाला त्याला त्याच्या चित्रात नक्की काय अडलं ते तर त्याहून कळत नाही. पन्नास साठ मुलं एका हॉलमध्ये बसून चित्रं काढतात आणि एकानंही दुसऱ्याच्या चित्राकडे नीट पाहिलेलं नसतं, उलट शेजारच्यानं बघू नये म्हणून हातानं झाकून काढतात. ही सवय मला सगळ्यात वाईट वाटते. कारण चित्रात हात सुधारतो तो दोनच गोष्टींनी, भरपूर काढून आणि काढलेलं दुसऱ्याला दाखवून. पहिल्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, दुसऱ्यासाठी माणसं एकत्र यायला लागतात, आणि त्यासाठी जागा लागते.

आमचा असा एक गट आहे, नाव वगैरे काही नाही त्याला. पाऊस गेला की पुढचा पाऊस येईपर्यंत रविवारी सकाळी मालवणच्या धक्क्यावर नाहीतर दांडीच्या किनाऱ्यावर बसायचं. तिथला एक प्रसंग सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते लक्षात येईल. आठवीतल्या एका मुलीनं होडी काढली होती, रेघ सुंदर, होडीचा बाक अगदी बरोबर, रंगही स्वच्छ लावलेला. सगळे मस्त, भारी म्हणून पुढे गेले. रापणकराच्या (रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं) घरातला एक मुलगा मात्र तिथेच उभा राहून बघत होता, स्वतः फार काही काढत नाही तो, आणि म्हणाला, "ही होडी पाण्यात खंय आसा, ही तर वाऱ्यार तरंगता." मुलीला आधी राग आला. मग तिनं विचारलं, कशावरून? त्यानं चित्राला हात न लावता लांबून बोटानं दाखवलं, होडीचा तळ जिथे पाण्याला टेकतो तिथे तिनं एक सरळ कडक रेघ मारली होती, रेघेच्या वर होडी आणि खाली एकसारखा निळा. होडीचं पोट पूर्ण दिसत होतं, वाळूवर ओढून ठेवलेली होडी दिसते तसं, आणि पाण्यात तिची सावली नाही, प्रतिबिंब नाही. जाळी भरलेली होडी केवढी आत बसते हे त्याला घरचंच ठाऊक. तिनं काय केलं, तळाची पट्टी पाण्याच्या रंगात घेऊन टाकली, रेघ दोन ठिकाणी ओल्या ब्रशनं पुसट केली आणि होडीखाली गडद रंगाचे तीन चार तुटक आडवे फटकारे मारले. होडी पाण्यात बसली! तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना ते एकदम दिसलं आणि त्या दिवसानंतर आमच्यातल्या कुणाचीच होडी हवेत राहिलेली नाही.

यात शिकवणारा कोण होता सांगा. त्या मुलाला तिच्यासारखी रेघ मारता येत नाही, पण त्याला होडी माहीत आहे. मोठा चित्रकार गावात नाही म्हणून काही अडत नाही, नीट बघणारी चार माणसं पुरतात, आणि कोकणात बघणाऱ्या माणसांची कमी नाही. सुताराला खुर्ची कुठे कलली ते कळतं, माडावर चढणाऱ्याला झावळ कुठून फुटते ते माहीत असतं, त्यांना बोलवा रविवारी, काढू देत किंवा नुसतं बघू देत.

माडाचंच घ्या. शंभरातली नव्वद चित्रं अशी असतात की एक खांब आणि वर पंख्यासारख्या पसरलेल्या पाच सहा सारख्या झावळ्या. प्रत्यक्षात आपल्याकडे तोंड करून आलेली झावळ लांब दिसतच नाही, ती आखूड, जवळजवळ ठिपक्यासारखी दिसते, बाजूच्या लांब दिसतात, खालच्या जुन्या पिवळ्या होऊन खोडाला लागून लोंबतात आणि मधला कोवळा सुरळीचा कोंब सरळ उभा असतो. हे कुणी सांगून पटत नाही, समोर बसून परत परत काढावं लागतं आणि कुणीतरी शेजारी बसून विचारावं लागतं की अरे ती मधली झावळ आहे कुठे तुझ्या चित्रात.

समुद्रावर राहणाऱ्यांना तर एक शाळा फुकट मिळालेली आहे आणि ती म्हणजे क्षितिज. पर्स्पेक्टिव्ह म्हटलं की मुलं घाबरतात, पट्टी घेऊन रेघा ओढत बसतात, आणि इथे किनाऱ्यावर सगळं उघडं मांडलेलं आहे. समुद्राची ती आडवी रेघ कायम आपल्या डोळ्यांच्या उंचीला असते. वाळूवर बसलात की ती खाली येते, उभे राहिलात की वर येते, रत्नदुर्गाच्या तटावर चढलात तर तीही तुमच्याबरोबर चढते आणि मग खालचा पाण्याचा भाग केवढा मोठा दिसायला लागतो. आता याचा उपयोग बघा. सपाट पुळणीवर तुम्ही उभे आहात आणि तुमच्याच उंचीची माणसं लांब-जवळ उभी आहेत, तर प्रत्येकाच्या डोळ्यातून क्षितिजाची रेघ जाणार, जवळचा मोठा दिसेल आणि लांबचा बोटभर दिसेल पण रेघ दोघांच्या डोळ्यातूनच जाणार, फरक पडतो तो पायांना. मुलं काय करतात, लांबचा माणूस लहान काढतात पण त्याचे पाय जवळच्याच्या पायांच्या रेषेत ठेवतात आणि मग तो लांबचा माणूस न दिसता जवळ उभं असलेलं बुटकं माणूस दिसतो. भिंतीला चित्र लावलं की हे दहा सेकंदात कळतं, मांडीवर ठेवून काढताना तासभर कळत नाही. घागरीच्या तोंडाचं पण तेच, डोळ्यांच्या उंचीला असेल तर नुसती आडवी रेघ, जसजशी खाली ठेवाल तसतसा तो गोल उघडत जातो. एकच घागर घ्या, आधी जमिनीवर ठेवून काढा, मग स्टुलावर, मग टेबलावर, मग कपाटावर. वस्तुचित्राचं मूळ यातच आहे, बाकी सगळं नंतर.

सरावाबद्दल माझं मत जरा ठाम आहे. महिन्यातून एकदा भलंमोठं पेंटिंग करण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बॉलपेननं वहीत काढलेलं जास्त कामाचं. बॉलपेनच का, तर खोडता येत नाही. खोडरबर हातात असला की माणूस रेघ मारायच्या आधीच पुसायच्या विचारात असतो. कोरी वही घ्या स्टेशनरीच्या दुकानातली, पानावर तारीख टाका, पान फाडायचं नाही कितीही बिघडलं तरी. आणि तीच तीच गोष्ट परत काढायची लाज वाटू देऊ नका. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले प्रभाकर बरवे, आपल्याकडच्या आधुनिक चित्रकारांतलं किती मोठं नाव, त्यांच्या वह्या आणि डायऱ्या आजही जपून ठेवलेल्या आहेत, पान, पीस, घड्याळ अशी साधी वस्तू घेऊन त्यांनी किती विचार केलाय. व्हॅन गॉगनं चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, १८८० साल, आणि पहिली मोठी कलाकृती म्हणून तो जिच्याकडे बघत होता त्या बटाटे खाणाऱ्या शेतकऱ्यांच्या चित्राआधी त्यानं शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांचे डझनावारी अभ्यास केले होते. आपल्याकडे मुलाला पहिलं चित्र जमलं नाही की घरचे म्हणतात याचा हात नाही चित्रात. हात कुणाचाच नसतो हो सुरुवातीला.

आणि हलणारी माणसं काढायचा सराव रापणीइतका कुठेच होत नाही. दोन्ही टोकांना माणसं लागलेली, दोर खांद्यावरून घेऊन मागे झुकलेली, टाचा वाळूत रुतलेल्या, कुणी थांबून तुम्हाला पोज देणार नाही. तीस सेकंदात एक माणूस काढायचा. चेहरा नको, बोटं नकोत, फक्त डोक्यापासून टाचेपर्यंतची ती तिरकी रेघ आणि वजन कुठल्या पायावर आहे तेवढं. ही तिरकी रेघ चुकून सरळ आली की माणूस दोर ओढतोय असं न वाटता दोर धरून उभा आहे असं वाटतं. पहिल्या दिवशी सगळ्यांची माणसं सरळ येतात, महिन्याभरात वाकायला लागतात. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत उलटं, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, हलत नाहीत, तळापर्यंत पूर्ण दिसतात, होडीचा आकार समजून घ्यायला त्याच्यासारखे दोन महिने नाहीत. पण नेमकं तेव्हाच आम्हाला बसायला जागा नसते. छत्री धरून चित्र काढता येत नाही, देवळाच्या सभामंडपात बसलो तर येणाऱ्याजाणाऱ्यांना अडचण, कुणाच्या पडवीत बसायचं तर घरच्यांना दर रविवारी त्रास. म्हणून तर हे पत्र. होडी बघून यायची, मनात धरून, आणि हॉलमध्ये येऊन काढायची, हाच खरा स्मरणचित्राचा अभ्यास.

आता एकमेकांच्या चित्रांवर बोलायचं कसं, हे जरा सविस्तर लिहिते कारण सगळं त्याच्यावर आहे आणि इथेच बहुतेक गट फुटतात.

व्हॉट्सॲपवर चित्र टाकलं की काय येतं? मस्त. अप्रतिम. हात जोडलेले, अंगठे, फुलं. बरं वाटतं, वाटायलाच पाहिजे, पण पुढचं चित्र काढायला त्यातलं काहीही उपयोगी पडत नाही. दुसरं टोक म्हणजे चार लोकांत एखाद्याचं चित्र हातात घेऊन चुका मोजून दाखवणारा माणूस, तो बरोबर बोलत असला तरी ते मूल पुढच्या रविवारी येत नाही. व्हॅन गॉगचा एक चित्रकार मित्र होता, व्हॅन रॅपार्ड, दोघं वर्षानुवर्षं एकमेकांना पत्रं लिहायचे, चित्रांबद्दल बोलायचे. १८८५ मध्ये त्या बटाटे खाणाऱ्यांच्या चित्राची शिळाछाप प्रत व्हॅन गॉगनं त्याला पाठवली. रॅपार्डनं उत्तरात एका बाईच्या हातापासून कॉफीच्या किटलीपर्यंत चुका काढल्या, आणि सूर असा की तुला कामाचं गांभीर्यच नाही. व्हॅन गॉगनं ते पत्र त्यालाच परत पाठवून दिलं आणि ती मैत्री पुढे पहिल्यासारखी राहिली नाही. हाताबद्दल तो जे बोलला त्यात तथ्य असेलही, पण त्यानं चित्राबद्दल बोलता बोलता माणसाबद्दल बोलायला सुरुवात केली.

म्हणून आमच्याकडे हळूहळू एक पद्धत पडत गेली. चित्र भिंतीला लावल्यावर ज्याचं आहे त्यानं आधी गप्प बसायचं, हे सगळ्यात कठीण, कारण प्रत्येकाला सांगायचं असतं की वेळ कमी पडला, कागद ओला होता. बाकीच्यांनी आधी फक्त काय दिसतंय ते सांगायचं, माझी नजर पहिल्यांदा त्या लाल छपरावर गेली, मग मला ते लांबचं झाड जवळ आल्यासारखं वाटलं. चांगलं वाईट काही म्हणायचं नाही. मग चित्र काढणाऱ्यानं सांगायचं की मला काय हवं होतं. त्याला छपर नाही, पायरीवर बसलेली म्हातारी दिसायला हवी होती, आणि सगळ्यांची नजर तर छपरावर गेली. मग प्रत्येकानं एकच सूचना द्यायची आणि ती करता येण्यासारखी पाहिजे. "रंग नीट नाहीत" ही सूचना नाही. "छपराचा लाल जरा मळवला आणि म्हातारीच्या मागची भिंत गडद केली तर ती पुढे येईल" ही सूचना. दुसऱ्याच्या चित्रावर पेन्सिल चालवायची नाही, कितीही मोह झाला तरी, दाखवायचंच असेल तर वेगळ्या कागदावर छोटं काढून दाखवायचं. लहान मोठं काही नाही यात, चौथीतली मुलगी बँकेतून रिटायर झालेल्या काकांना सांगते की काका तुमचं मांजर जमिनीला टेकलेलं नाही, आणि काका ऐकतात. ऐकलंच पाहिजे असं नाही, तेही ठरलेलं आहे, सूचना ऐकायची, घ्यायची की नाही हे ज्याचं चित्र त्यानं ठरवायचं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, दुसऱ्याच्या चित्राबद्दल बोलताना बोलणाऱ्याचंच जास्त सुधारतं. आपली चूक आपल्याला दिसत नाही कारण तासभर बघून डोळा सरावलेला असतो. शेजारच्याच्या चित्रातली तीच चूक लगेच दिसते, आणि एकदा तिथे दिसली की घरी गेल्यावर आपल्यातही दिसायला लागते. एकट्यानं काढताना चित्र आरशात बघायचं, उलटं धरायचं, डोळे किलकिले करून उजेड-सावली बघायची, हे सगळे उपाय त्यासाठीच आहेत, नवा डोळा आणायचा म्हणून. पण खरोखरचे नवे डोळे समोर बसलेले असतील तर काय सांगावं. मुंबईत १९४७ ला सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे हे एकत्र आले, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप म्हणून, सहा जणांची सहा तऱ्हांची चित्रं आणि शिल्पं, एकसारखं काम कुणाचंच नाही. तरी एकत्र आले. सूझा तर आपल्या शेजारचे, गोव्याचे.

फोनवरून फोटो बघून काढण्याबद्दल पालक नेहमी विचारतात. माझं म्हणणं असं की सुरुवातीला नको. फोनचा फोटो सावल्या काळ्या करून टाकतो. आपल्याकडच्या तांबड्या मातीवर पडलेली माडाची सावली दुपारी नीट बघा, ती काळी नसते, आभाळाचा निळा तिच्यात उतरलेला असतो, जांभ्याच्या गडग्याच्या सावलीतल्या बाजूला जमिनीवरचा तांबूस उजेड परत आलेला असतो. फोटोत हे सगळं जातं. आणि पावसातला हिरवा! ट्यूबमधला हिरवा जसाच्या तसा फासला की सगळं रान प्लास्टिकचं दिसतं. निळा आणि पिवळा मिसळून हिरवा करा, त्यात किंचित तांबडा टाका, मग तो शेवाळलेल्या गडग्याचा हिरवा होतो, भाताच्या रोपाचा वेगळा, फणसाच्या पानाचा वेगळा. रविवारी सगळ्यांनी मिळून एका कागदावर नुसते हिरवे करून बघायचे, चित्र नकोच, हे सुद्धा एका दिवसाचं काम आहे आणि मुलांना ते जाम आवडतं.

आता तुमच्या शंका. एका कार्यवाहांशी बोलणं झालं तेव्हा त्यांनी ज्या काढल्या त्या रास्तच होत्या.

फरशीवर, टेबलांवर डाग पडतील. तर ऑइल कलर आणि टर्पेंटाइन आणायचंच नाही, पेन्सिल, पेन आणि जलरंग एवढंच, टेबलावर तुमच्याच रद्दीतले पेपर अंथरायचे आणि जाताना आम्हीच पुसून जाणार. वाचकांना त्रास होईल. तर काढताना कुणी बोलत नाही, बोलायचं ते शेवटच्या अर्ध्या तासात, तेवढं वाचन विभागाचं दार लावून घेता येईल. ग्रंथपालांची सुट्टी जाईल. ती जायला नको, त्यांच्यावर आधीच खूप काम आहे, किल्लीची जबाबदारी कार्यकारिणीतल्या कुणीतरी एकानं घ्यावी नाहीतर सभासदांपैकी दोघांना लेखी द्यावी. अनुदानाचं काय, तर यात खर्चच नाही.

कपाट का मागतेय तेही सांगते. पावसात आपल्याकडे कागद टिकत नाही. चित्राच्या चांगल्या कागदाला साइझिंग केलेलं असतं, त्यामुळे रंग वर राहतो, आत शोषला जात नाही. दमट हवेत ते साइझिंग खराब होतं, मग रंग लावला की ठिकठिकाणी पाण्यात भिजल्यासारखे डाग उमटतात, आणि लोकांना वाटतं आपलाच ब्रश चुकला. वर बुरशी येते ती वेगळीच. कोरडं बंद कपाट आणि त्यात झाकणाचा डबा, एवढ्यानं मुलांचे कागद वाचतील. जलरंग पावसात लवकर सुकत नाहीत, पहिला हात ओला असताना दुसरा दिला की फुलकोबीसारखे डाग पसरतात, म्हणून पावसाळ्यात दोन चित्रं बरोबर चालवायची, एक सुकेपर्यंत दुसरं.

उजेडासाठी पुस्तकात लिहिलेलं असतं की उत्तरेची खिडकी घ्या, कारण तिकडून थेट ऊन येत नाही. ती पुस्तकं युरोपातली. आपण सोळा-सतरा अक्षांशावर, इथे मे महिन्याच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणजे तेव्हा उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन येऊ शकतं, अर्थात पावसाळी ढग असतात म्हणून जाणवत नाही. ज्या खिडकीतून एका बाजूनं उजेड येतो तिच्याजवळ टेबल ठेवा आणि त्या टेबलावरची ट्यूब बंद करा, एवढंच. चार बाजूंनी ट्यूबलाइट असेल तर समईला सावली कुठली ते कळतच नाही.

आणि तुमच्याकडे जे आहे ते कुणाकडेच नाही, पुस्तकं. कपाटांत चित्रकारांची चरित्रं असतात, जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं असतात, कित्येक वर्षं कुणी उघडलेली नसतात. रविवारी ती टेबलावर काढून ठेवा. बघून काढू देत मुलांना, जुन्या चांगल्या चित्राची नक्कल करून हात शिकतो, फक्त नंतर बाहेर जाऊन स्वतःचं काढायचं. वर्षातून एकदा कुठेतरी घेऊनही जाता येईल. पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली, तिथे मुलांना एका रेघेत उभा केलेला पात्राचा चेहरा जवळून बघता येईल. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाचे गोल पत्ते रंगवताना बघता येतात, दशावतारी गंजिफाचे एकशेवीस पत्ते, एवढ्याशा गोलात अख्खा अवतार. राजापूर-रत्नागिरीकडच्या वाचनालयांना सड्यावरची कातळशिल्पं जवळ आहेत, कशेळीचा तो प्रचंड हत्ती, त्याच्या पोटात कोरलेले दुसरे प्राणी, नुसत्या बाह्यरेषेवर. सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे, तिथले विद्यार्थी सुट्टीत गावी येतात, त्यांना एखाद्या रविवारी बोलवा, भाषण द्यायला नको, बसून काढायला आणि भिंतीवर चित्र लावायला.

स्पर्धा बंदच करा असं म्हणत नाही मी, ज्यांना हवी त्यांनी घ्यावी. पण स्पर्धेच्या बक्षिसांना येणाऱ्या देणगीतून एखाद्या वर्षी कोऱ्या वह्या आणि बॉलपेनं घेतलीत तर जास्त पोरांच्या हाताला काहीतरी लागेल. आणि स्पर्धा घेतलीतच तर निकालानंतर सगळी चित्रं आठवडाभर भिंतीला राहू द्यात, नंबर न लावता, आणि परीक्षकांनी प्रत्येक चित्राच्या मागे एक ओळ लिहावी, या चित्रात पुढच्या वेळी काय करून बघायचं ती. वेळ लागेल त्यांना, लागू दे.

तर विनंती अशी की कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत हा विषय घ्यावा. जून, जुलै, ऑगस्ट एवढे तीनच महिने आधी करून बघा, गणपती आले की तसंही सगळे मूर्तिशाळेत असतात. काउंटरवर एक वही ठेवा, यायचंय त्यांनी नाव आणि वाडी लिहावी, दहा नावं झाली की पुढच्या रविवारी हॉल उघडा. पहिल्या दिवशी एक घागर, एक सोललेला आणि एक न सोललेला नारळ आणि एक कोयता टेबलावर ठेवला तरी दोन तास पुरतं. मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, देवगड या बाजूच्या कुठल्याही वाचनालयाला सुरुवातीच्या रविवारांना सोबत हवी असेल तर आमच्यातली दोन तीन माणसं नक्की येतील, एसटीनं येऊ, मानधन वगैरे काही नको. जमणार नसेल तर तसंही कळवा आणि का जमत नाही तेही, म्हणजे त्यावर काही मार्ग निघतो का ते आपण मिळून बघू.

आपली,
तुमच्यातल्याच एका वाचनालयाची सभासद,
मालवण तालुका